शंभर मीटरची मनाई

२ तारीख, सोमवार

आले एकदाची! दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली, खिडकीत बसायला कट्टा, नळाला चक्क दिवसभर पाणी. खाली घरमालकीण काकू राहतात. त्यांनी तीनदा विचारलं, एकटीच का गं? म्हटलं, एकटीच, आणि मजेत. ताईचं जुनं कपाट दारातून आत जाईना, तेव्हा दोघी जिन्यात बसून पोट धरून हसलो. जुन्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा तो माणूस तीन वर्षं माझ्या मागे फिरतोय. त्याला हा पत्ता ठाऊक नाही. आज दाराला खुर्ची न लावता झोपणार.

५ तारीख, गुरुवार

चष्म्याच्या दुकानात नोकरी सुरू झाली. दिवसभर लोकांना विचारायचं, आता कसं दिसतंय? दुपारी सुट्टी काढून कोर्टात गेले. मनाई हुकूम मिळाला! त्याने शंभर मीटरच्या आत यायचं नाही, सत्तावीस तारखेपर्यंत. त्या दिवशी पुढची सुनावणी. परवा भरलेल्या अर्जात ‘कुठे येऊ नये’ असा रकाना होता. कारकून बाईंनी बजावलं होतं, लिहाल तेवढंच धरलं जाईल. मी पडले नीटनेटकी. घर, दुकान, ताईचं घर, वाचनालय, दाताचे डॉक्टर, बुधवारचा पोहण्याचा तलाव, सगळं पत्त्यांसकट, वेळांसकट लिहिलं. बाई म्हणाल्या, इतका सुवाच्य अर्ज वर्षात पाहिला नाही. शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

९ तारीख, सोमवार

तो दिसला. दुकानासमोरच्या रस्त्यावर, लांब, बसथांब्याला टेकून.

पोलिसांना बोलावलं. हवालदारांनी टेप धरून अंतर मोजलं. एकशे चार मीटर. म्हणाले, तो नियमात आहे. मग पत्ता कुणी दिला त्याला, असं मी ओरडले. ते थंडपणे म्हणाले, हुकमाची आणि अर्जाची प्रत त्याला द्यावीच लागते. कुठे जायचं नाही हे कळल्याशिवाय पाळणार कसा?

म्हणजे मीच. माझ्याच हाताने माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही सुवाच्य अक्षरात.

११ तारीख, बुधवार

तलावाच्या फाटकापासून लांब उभा होता. माझ्याआधी पोचलेला. तशीच परत आले.

१७ तारीख, मंगळवार

वाचनालय सोडलं. तलाव सोडला. दाढ ठणकतेय, ठणकू दे. यादीत नसलेल्या जागी जावं, तर तिथे त्याला मनाईच नाही. ती जागा यादीत घालावी, तर नवी प्रत त्याच्या हातात. इकडे आड, तिकडे विहीर. ताई म्हणते, धीर धर. धरून धरून हात भरून आले गं ताई. आता रागही येत नाही, नुसती झोप येते.

२३ तारीख, सोमवार

आता कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो. खिडकीतून दिसतो. डबा खातो, पेपर वाचतो. काकूंना सांगायला हवं. पण असली भानगड घरात नको म्हणाल्या तर? पुन्हा खोली शोधायचं त्राण नाही. शुक्रवारी सांगेन, हुकूम वाढवून मिळाला की.

२७ तारीख, शुक्रवार

न्यायाधीश रजेवर. सुनावणी सोमवारी. आणि हुकूम? बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. आजपर्यंतच आहे, म्हणाल्या. मधले दोन दिवस? त्यांनी पुढची फाईल उघडली.

तोही तारखेला आला होता. मागच्या बाकावर. सगळं ऐकत होता.

२८ तारीख, शनिवार

सकाळी नऊ. बाक रिकामा.

दहा. रिकामाच. इतके दिवस निदान कुठे आहे ते तरी कळायचं — आता —

पोलीस म्हणतात, काही घडलं तर कळवा. ताई निघालीय. दोन तास लागतील —

अकरा. काकूंचा फोन. लाडाने रागावल्या — भाऊ येणार हे सांगायचं नाही का, किती सभ्य माणूस, चहा पाजला, जादा किल्लीही दिली, म्हणजे तुला उठायला नको —

मला भाऊ नाही.

फोन ठेवलाही त्यांनी. तो जिन्यात आहे. सावकाश चढतोय, घाई नाही त्याला. कुणीतरी वाचावं म्हणून लिहितेय — त्याचं नाव कोर्टातल्या कागदावर आहे, माझ्या नावाखाली, तिथे बघा — पाऊल थांबलं — किल्ली —