सर्वांना खुला फोल्डर आणि तुझी हॉटडिश

ती. व्हर्ना मावशीस,
कर्स्टनचा नमस्कार.

फाइल असते एका संगणकावर, दिसते दुसऱ्यावर आणि बदलतो तिसराच. मग ती नेमकी कुणाची? चार वर्षं कॉलेजात काढूनही याचं उत्तर मला देता येत नाही. असो. तुझा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने काही फरक पडला का? इथे सगळे खुशाल; तळ्यावरचा बर्फ अजून ट्रक पेलतो.

चर्चच्या शंभर वर्षांनिमित्त निघणाऱ्या पाककृतींच्या पुस्तकाचं काम माझ्याकडे आलंय, हे आईने कळवलं असेलच. (घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे टोस्टर बिघडला तरी मलाच बोलावतात.) चर्चच्या ऑफिसात आर्डिस काकूंचं विंडोज, पाद्री नील्स यांचा मॅक, आणि लव्हॉन काकूंच्या जुन्या संगणकावर मी घातलेलं लिनक्स. तिघे एकाच वायरीवर, पण ओळख दाखवतील तर शपथ. थेट आपले कार्ल मामा आणि अर्नी मामा. पंधरा दिवस खपून मी तिघांत एक सामायिक फोल्डर जमवला आणि वाचायचा, लिहायचा, पुसायचा अधिकार सगळ्यांना सारखा दिला. चांगल्या गोष्टींना कुलूप नसावं, असं माझं तेव्हा मत होतं.

त्यातच तुझी हॉटडिश होती, बटाटे आणि खिमा सुपात कालवून ओव्हनमध्ये भाजायची. आपल्या गावात कुणी कुणाच्या स्वयंपाकाला तोंडावर नावं ठेवत नाही. फोल्डरला मात्र तोंड नसतं. लव्हॉन काकूंनी चिमूट चिमूट करत मिरपूड काढली. आर्डिस काकूंनी कांदा अर्धा केला आणि मश्रूम सुपाचा एक डबा वाढवला, मग आणखी एक. पाद्रींनी स्वतःच्या रक्तदाबापायी मीठ उडवलं. शेवटी तुझ्या नावाखाली बटाटे, खिमा, अर्धा कांदा आणि तीन डबे सूप एवढंच उरलं.

विचारायला गेले तर आर्डिस काकू कॉफी ओतत म्हणाल्या, "आम्ही कशाला हात लावू गं? व्हर्नाची हॉटडिश पहिल्यापासूनच जरा वेगळी." (याहून मोठी शिवी आपल्याकडे नाही, हे तुला सांगायला नको.) लव्हॉन काकू म्हणाल्या, "मी तर नुसती वाचली बाई." संगणकाने नोंद ठेवली होती: त्यांनी ती एकवीस वेळा वाचली, आणि प्रत्येक वेळी काहीतरी कमी झालं.

महिनाअखेरीस पुस्तक छापायला जाईल, चारशे प्रती, वर तुझं नाव. हे असं जाऊ देणं मला पटत नाही.

तुझी भाची,
कर्स्टन

ता. क. मूळ कृतीची नक्कल मी ठेवली नव्हती. विश्वासावर चाललं होतं.

ता. क. आणखी एक. ओव्हनची वेळ दहा मिनिटांनी मीच वाढवली होती. आई म्हणते, तुझी मधे कच्ची राहते.

ता. क. शेवटचं. मी सगळ्यांचे अधिकार काढून घेतले, माझेही. अख्खं पुस्तक आता फक्त तुझ्या पासवर्डने उघडतं, तेही चर्चच्या ऑफिसात येऊनच. पासवर्ड या पाकिटात आहे. तो लिहिलेली माझ्याकडची चिठ्ठी काल शेगडीत टाकली.