ताल पाणीच लावील

ती. आत्या,

सविनय नमस्कार. जिने उभे आयुष्य लोकांना पोहायला शिकवले, तिलाच पाण्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुझा खांदा कसा आहे? (उत्तरात नुसते ‘बरा’ आले, तर तो दुखतो आहे असे मी समजेन.)

आमच्या प्रयोगशाळेची बोट समुद्रातील नमुने गोळा करायला निघणार आहे. पोहण्याचा दाखला असल्याशिवाय तिच्यावर घेत नाहीत आणि माझे सारे संशोधन त्या नमुन्यांवर अवलंबून आहे. म्हणून मी तरणतलावावर नाव घातले. माझा विषय तू जाणतेसच: सूक्ष्म जीवांच्या अंगावरील, केसाहून कितीतरी बारीक अशा पक्ष्माभिका. त्या हजारोंनी पाणी वल्हवतात, पण त्यांच्यात मुकादम नसतो. एकीने लोटलेले पाणी शेजारणीला रेटते, शेजारीण आपली चाल जुळवून घेते आणि उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट अंगभर फिरते. हे मी रोज डोळ्यांनी पाहते. तेव्हा प्रशिक्षक (तुझाच जुना विद्यार्थी, ओरडणेही तुझेच उचललेले) ‘एक, दोन’ मोजू लागताच मी नम्रपणे सुचवले की आकड्यांची गरज नाही, सर्वांनी खेटून पाय मारावेत, ताल पाणीच लावील.

त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, “बरं, लावू दे.”

सगळे खेटून पाय मारू लागताच आमच्या वर्गातल्या निवृत्त पोस्टमास्तरांची टाच दंतवैद्यबाईंच्या हनुवटीवर बसली. बाईंनी आधारासाठी शिंप्याची चड्डी धरली आणि शिंपी ती सांभाळण्याच्या नादात पोहणेच विसरला. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, “तुझ्या त्या किड्यांना दात नसतात गं, म्हणून जमतं त्यांना.”

सिद्धान्त चुकलेला नाही, हे मी आजही ठामपणे सांगते. इतक्या सूक्ष्म जीवाला पाणी मधासारखे दाट भासते. वल्हवणे थांबले की तो जागीच थांबतो. पोस्टमास्तर मात्र पाय थांबवल्यावरही तसेच पुढे सरकत राहतात. दोष त्यांच्या आकारमानाचा आहे. हे मी फळ्यावर आकृतीसह समजावले. प्रशिक्षकांनी शांतपणे ऐकले आणि सांगितले, “ताई, आता थेट परीक्षेलाच या. तोवर बाकीच्यांना शिकू दे.”

तुझी आज्ञाधारक भाची

ता. क. परीक्षेत तलावाची एक लांबी पोहायची आहे. प्रशिक्षक तुझा शब्द मोडणार नाहीत, एवढेच सुचवते.

ता. क. २ शब्द टाकू नकोस, स्वतःच ये. वरील प्रसंगी पाण्यात मी सर्व वेळ काठाची दांडी धरून उभी होते. पाण्यात असताना ती मी अजून एकदाही सोडलेली नाही.

ता. क. ३ परीक्षा शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता. पत्राची भाषा नीट करण्यात थोडा वेळ गेला.

ई-मेलने रवाना: शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.