एका आठवड्याचं ‘हो’

प्रिय मार्था,

काल दुपारी रनाळ्याहून फोन आला. कोणी वयस्कर माणूस अहिराणीत बोलत होता. "गुरुजी, पोरेस्नी लगीन करी लिन्हं. आते तुम्ही एकडाव आमना घर या." आपल्या कृपाने मागच्या आठवड्यात सुरतेत कोर्ट मॅरेज केलं, त्यांच्या भूषणशी. मला हे तिच्या सासऱ्याकडून कळलं! तब्येत बरी नाही, असं सांगून मी फोन ठेवला. तेव्हापासून घरात नुसता फिरतोय. आज तुला लिहायला बसलो. दुसऱ्या कोणाला सांगू? आणि खरं तर सगळ्यात आधी तुलाच सांगायला हवं होतं.

घरी आपण कधी मराठीत बोललो नाही, आपल्या बोलीतच बोललो. पण छत्तीस वर्षं शाळेत शिकवून हात याच भाषेत बसलाय. चालवून घे.

देवाकडे तुझ्या दोनच मागण्या असायच्या. कृपाला विश्वासातला, ख्रिस्ती नवरा मिळू दे आणि तिच्या लेकरांचा बाप्तिस्मा आपल्याच चर्चमध्ये होऊ दे. रोज भाकरी थापताना तू हे म्हणायचीस. मी चिडवायचो, "अगं, देवाला पाठ झालं असेल आता!" कृपाही हसायची. तेव्हा ती आठवीत होती.

मग बऱ्याच वर्षांनी तुझ्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. कृपा सुरतेच्या लॅबमधून रजा घेऊन आली. तुझे रिपोर्ट तिला माझ्याआधी कळायचे. भूषणबद्दल तिने मला आधीच सांगितलं होतं, मी ते तुझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. तू मात्र दाविदचं नाव घेऊन बसली होतीस. आश्रमशाळेत शिकवणारा, चर्चमध्ये पेटी वाजवणारा शांत पोरगा. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, एवढंच की कृपाचं मन तिथे नव्हतं.

मागच्या दारी मी तिला विचारलं, "किती दिवस?"

"आठवडा, बाबा. फार तर दहा दिवस."

"मग आठवड्यापुरतं हो म्हण. दाविदला हो म्हण. तुझी आई समाधानाने जाईल."

"हे खोटं आहे, बाबा."

"आईसाठी एवढं नाही करणार?"

कोणत्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर देता आलं असतं, सांग! ती आत गेली, वाकली आणि तुझ्या कानात हो म्हणाली. तू डोळे मिटलेस आणि मोठ्याने देवाचे आभार मानायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी तू पेज मागितलीस. चौथ्या दिवशी उठून बसलीस. आठवडा गेला, महिना गेला. तू चार महिने जगलीस, मार्था! मला आनंद होत नव्हता असं नाही. शपथेवर सांगतो, होत होता. पण रोज सकाळी तू डोळे उघडलेस की मनात यायचं, आज पुन्हा ते खोटं निभवायचं. हे लिहितानाही लाज वाटते.

तू दाविदच्या आईवडिलांना बोलावून घेतलंस. तुझ्या खाटेभोवतीच साखरपुडा झाला. पाळकांनी प्रार्थना केली. दाविद अंगठी घालत असताना कृपा त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिलो.

तूही तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघायचं होतंस ना! पोटची पोर होती तुझी. की बघितलंस आणि तुलाही बघायचं नव्हतं?

तुला मातीत ठेवल्यावर पंधरा दिवसांनी कृपाने अंगठी परत केली, ते हो आईपुरतंच होतं असं सांगून. दाविद घरी आला. म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

एवढाच एक शब्द. त्या शब्दाने सगळा दोष माझ्या मुलीच्या अंगावर गेला. मरत्या आईला फसवणारी, चांगल्या पोराची अब्रू घालवणारी, असं बायका बोलायला लागल्या. तरी एका रविवारी ती चर्चमध्ये आली. तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. मी चर्चचा पंच म्हणून पुढच्या रांगेत होतो. मागे वळलो नाही.

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, खोटं बोलायला लावलंत, तेही मी गिळलं असतं. पण आईने त्या खोट्यासाठी चार महिने रोज देवाचे आभार मानले. आता डोळे मिटले की मला तेच ऐकू येतं. माझ्याच्याने प्रार्थना होत नाही."

मी म्हणालो, "होईल हळूहळू." काय हे उत्तर! त्याच दिवशी तिने सुरतेची बस धरली. याला दोन वर्षं झाली. फोनवर 'बरी आहे' याच्या पलीकडे कधी गेली नाही.

काल तिच्या सासऱ्याचा फोन ठेवून मी तिला फोन लावला. उचलला तिने. "जेवलात का?" असं विचारलं. मी काय म्हणालो असेन? "निदान पाळकांचा आशीर्वाद तरी घ्या दोघं." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून आईसाठीच मागताय." आणि ठेवला. आज तीनदा लावला, उचलत नाही.

तुला जे हवं होतं त्यातलं काहीच झालं नाही, मार्था. नवरा विश्वासातला नाही. पोरीचा विश्वासही गेला, आणि तो भूषणने नेला नाही, मी घालवला. ती परत येईल असं मला वाटत नाही. दाविदने दुसरीकडे संसार थाटलाय, माझ्या खरं बोलण्याने त्याचंही काही भरून येणार नाही.

तुझ्याकडे माफी मागत नाही. तू लगेच देशील, आणि ती मला पेलणार नाही. एक वचन मात्र देतो. येत्या रविवारी चर्चमध्ये सूचना वाचून झाल्या की मी मंडळीपुढे उभा राहीन आणि माझ्या मुलीने कोणाला फसवलं नाही, मी फसवलं, असं सांगेन. पंचातून काढतील, काढू देत. आणि हे मी कृपाला कळवणार नाही. कळवलं तर तेही तिच्याकडे काहीतरी मागणंच होईल.

तुझा,
योहान