पदराखालचा व्रण

१२ ऑक्टोबर २००८, मूल (जि. चंद्रपूर)
दिल्लीच्या दवाखान्यातून फोन. रोबोटने केलेल्या ऑपरेशनच्या व्रणांबद्दल समाधानी आहात का? पाचपैकी किती गुण? चार म्हणाले. पाच का नाहीत, ते त्या मुलीने विचारलं नाही. तीन व्रण शोधावे लागतात. बेंबीजवळचा मात्र जाड होऊन उठून आलाय, खाजतो.

१५ ऑक्टोबर
धाकट्या भावाचा, प्रफुलचा रिपोर्ट आला. माझंच दुखणं — मूत्रपिंडातून निघणारी नळी अरुंद. बाबांचंही हेच होतं. उशीर केला तर मूत्रपिंड जाईल.
"मले कापून घ्याचं नाई, ताई!"
बाबांचं पोट आठवत असणार. कुशीपासून बेंबीपर्यंत तो लांबलचक व्रण! त्यानंतर राइस मिलमध्ये त्यांनी पोतं उचललं नाही, फाटकावर बसून राहिले. प्रफुल त्याच मिलमध्ये पोती उचलतो.

१८ ऑक्टोबर
त्याच्या बायकोला, कमळाला, माझे चारही व्रण दाखवले. ती ब्लाउज शिवते. "बाप्पा! काजाएवढेच तं हायेत वं ताई!" बेंबीजवळच्यावर बोट ठेवून — "हा खाजते का?"
घरी तिने सांगितलं तर प्रफुल म्हणे, "बायांचं काम बारकं असन."
आता मीच दाखवायचे? या वयात, धाकट्या भावासमोर पोट उघडं करायचं? लाज वाटते. त्या लाजेचा रागही येतो.

२० ऑक्टोबर
दाखवले. मान भिंतीकडे वळवून. प्रफुलनेही आधी तोंड फिरवलं, मग पाहिलं.
"एवढंच?"
"एवढंच."
बेंबीजवळचा मी पदराखाली दाबून धरला होता. त्याच्या भल्यासाठी, असं स्वतःला सांगते आहे. की मलाच तो कुणाला दाखवायचा नव्हता?
"जातो मंग दिल्लीले," म्हणाला.

९ नोव्हेंबर
कमळाचा दिल्लीहून फोन. आत सगळं चिकटलेलं निघालं. रोबोट बाजूला ठेवून पोट उघडावं लागलं. मूत्रपिंड वाचलं. कुशीपासून बेंबीपर्यंत टाके!
असं होऊ शकतं, हे मला सही घेताना सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर
शाळेत शिकवण्यात लक्ष नव्हतं.

३० नोव्हेंबर
प्रफुल घरी आला. मी माफी मागायची ठरवून गेले, तर त्याने शर्टच वर केला. "पाय ना! लाजून काऊन राह्यली?" आई जवळ येऊन पाहत राहिली. "सेम बापासारखं," तो तिला म्हणाला. तीन महिन्यांनी पोतं उचलायला डॉक्टरची हरकत नाही म्हणे.
माफी राहूनच गेली.

२१ डिसेंबर
पुन्हा तोच फोन, आता प्रफुलसाठी. नंबर माझा दिला होता, त्याला बोलावून घेतलं. व्रणाला किती गुण?
"पाच लिहा, मॅडम. माह्या बापाची निशानी हाये."
फोन ठेवून माझ्याकडे वळला. "तुहा तो बेंबीपाशीचा खाजते का अजून? जायच्या आधीच सांगतलं होतं मले कमळानं."