सड्यावरचा निळा तंबू

शनिवार, २५ एप्रिल
निर्णय पक्का. यंदा मुलींना सुट्टीत आजोळ नाही, मॉल नाही, मोबाइल नाही. निसर्ग. राजापूरच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तीन दिवस कॅम्पिंग. कॉलेजात असताना एनएसएसच्या कॅम्पला तिथे गेलो होतो, म्हणजे जागा पाठ आहे. सड्याच्या टोकाला झरा आहे. (आमचा कॅम्प डिसेंबरात होता. पण झरा तो झरा.)

तेजल (बायको) म्हणाली, मे महिन्यात? तिला समजावलं की सुट्टी मे महिन्यात असते, म्हणून मे महिन्यात जायचं.

मंगळवार, २८ एप्रिल
तंबू आला. चार माणसांचा, निळा, आपोआप उघडणारा. हॉलमध्ये उघडून पाहिला. उघडला. मिटायचा कसा त्याचा व्हिडिओ बघायचा आहे. तूर्तास टीव्ही तंबूच्या आत आणि आम्ही बाहेर. राही (वय चार) आत जाऊन बसली ती येईचना. बघ, केवढी ओढ आहे पोरीला, असं तेजलला म्हटलं.

सासऱ्यांचा फोन. ते एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे रस्ता या विषयावर त्यांना मत असतं. पहाटे पाचला निघा, रेडिएटर दाखवून घ्या. हो हो म्हटलं.

शुक्रवार, १ मे, सकाळी ६
पाच वाजून गेले. हरकत नाही. झोप पूर्ण झालेला ड्रायव्हर हाच सुरक्षित ड्रायव्हर. सातला निघू.

सकाळी ११.२०
निघालो. रत्नागिरीच्या मांडवीतून बाहेर पडताना समुद्राकडून झुळूकसुद्धा नव्हती. माडाची झावळी हलत नव्हती. शांत वातावरण, चांगली सुरुवात.

दुपारी १.४०
लांज्याच्या पुढे. इंजिनाचा काटा लाल पट्ट्यात. एसी बंद केला. राहीला उलटी. गाडी थंड होईपर्यंत एका फणसाखाली पाऊण तास थांबलो. आणलेल्या वीस लिटरच्या जारमधलं निम्म्याहून जास्त पाणी रेडिएटरने प्यायलं. चिंता नाही, पुढे झरा आहे. दीक्षाने (वय नऊ) विचारलं, झरा आटला असला तर? मुलींच्या डोक्यात हे निगेटिव्ह विचार कुठून येतात ते एकदा बघितलं पाहिजे.

संध्याकाळी ५.४५
पोचलो. नजर जाईल तिथवर काळा कातळ. झाड एक नाही. माणूस नाही. पक्षीही दिसला नाही. मोबाइलला रेंज नाही, हेच तर हवं होतं.

तंबूच्या खुंट्या कातळात जात नाहीत. दोन वाकल्या. दोऱ्यांना जांभ्याचे दगड बांधले. कंपनीने हा विचार करायला हवा होता.

खालच्या आंब्याच्या बागेतला राखणदार वर आला. भागोजी नाव. आधी तंबूकडे बघितलं, मग मुलींकडे. म्हणाला, "साहेब, हितं सावली नाय. आमी गुरांना पन वर आनत नाय या दिवसांत. खाली कलमांत या, पोरींना घेऊन."

बागेत झोपणं म्हणजे कॅम्पिंग नव्हे, हे त्याला काय सांगणार. आभार मानले. जाताना माझ्याशी नाही, तेजलशी बोलला. बागेतली विहीर आणि खाली उतरणारी पायवाट तिला दाखवून गेला. गावाकडची माणसं बोलकी असतात.

शनिवार, २ मे, सकाळी ७.३०
कोणी झोपलं नाही. कातळ रात्रभर तव्यासारखा गरम होता. पहाटे झऱ्याकडे गेलो. इतक्या वर्षांनी, एकदाही न चुकता, नेमक्या जागी पोचलो. माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

पाणी नव्हतं. वाळलेलं शेवाळ आणि एका खेकड्याचं रिकामं कवच.

सकाळी १०
शिल्लक पाणी चार लिटर. त्यातलं दोन लिटर गाडीसाठी राखून ठेवलं, हात लावायचा नाही. उरलेलं झाकणाने मोजून. यालाच नियोजन म्हणतात. तेजल म्हणते आत्ताच्या आत्ता परत जाऊ. भर उन्हात ही गाडी काढणं बेजबाबदारपणाचं ठरेल. संध्याकाळी, ऊन उतरलं की निघू. तिने खाली बागेत जाऊन पाणी आणते म्हटलं. नको म्हटलं. काल नाही म्हणायचं आणि आज त्या माणसाकडे जायचं, बरं दिसत नाही.

दुपारी १२.३०
तंबूत बसवत नाही. तंबूबाहेर उभं राहवत नाही. गाडीची सावली एक हात रुंद, तिच्यात दोघी मुली. राहीची किरकिर चालू. पाणी, पाणी. तिला दोन झाकणं दिली, तेही तिने ओकून टाकलं. दीक्षाने आपलं झाकण तिला दिलं. कॅम्पिंगने मुलांत समजूतदारपणा येतो, लिहून ठेवतो.

दुपारी १.१५
राहीची किरकिर थांबली. एकदम शांत झाली आहे. अंगावर घामाचा थेंब नाही, म्हणजे शरीराला सवय झाली. गाल लालबुंद. चोवीस तासांच्या आत मूल निसर्गाशी जुळवून घेतं, हे मी तेजलला आधीच सांगत होतो.

दुपारी १.३०
दीक्षा म्हणते, हाक मारली तरी राही बघत नाही. झोपली असेल. डोळे उघडे आहेत, पण लहान मुलं झोपतात तशी.

दुपारी, वेळ बघितली नाही
तेजलने राखीव पाणी घेतलं आणि सगळं राहीच्या डोक्यावर ओतलं. ओढणी भिजवून तिच्याभोवती गुंडाळली. मी म्हटलं, ते गाडीचं आहे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी खाली चाललेय. तुला यायचं तर ये." आणि राहीला खांद्यावर टाकून पायवाटेने निघाली. दीक्षा तिच्यामागून पळत. दीक्षाच्या पायात एकच चप्पल होती.

मीही लगेच निघणार होतो. तंबू तसाच टाकून जाणं बरं नव्हे म्हणून मिटायला घेतला. मिटला नाही.

रविवार, ३ मे, राजापूर
एका डॉक्टरांकडे आहोत. राहीला सलाइन. काल भागोजीने तिला कलमांखाली घोंगडीवर निजवलं, विहिरीचं पाणी अंगावर घालत राहिला. वाडीतली रिक्षा त्यानेच बोलावली. मी पोचलो तेव्हा रिक्षा सुरू झाली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

पोचताच डॉक्टरांनी विचारलं, शेवटची शू कधी झाली होती? मी म्हटलं, सगळं नॉर्मल होतं. तेजल म्हणाली, सकाळपासून नाही. दीक्षा म्हणाली, आदल्या रात्रीपासून नाही. दीक्षाचं बरोबर होतं. त्यानंतर डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. आणखी तासभर उशीर झाला असता तर, एवढं बोलून ते थांबले. वाक्य पुरं करतील म्हणून मी वाट बघत होतो.

पहाटे राहीने डोळे उघडून आई म्हटलं. मी बाहेर बाकावर होतो. आतून ऐकू आलं.

सोमवार, ४ मे, रत्नागिरी
घरी आलो. राहीने वाटीभर पेज खाल्ली, आणखी मागितली. तेजल माझ्याशी बोलते आहे, पण फक्त कामाचं.

दुपारी दीक्षा शेजारी येऊन बसली. पायाला फोड आले आहेत तिच्या. म्हणाली, "बाबा, राहीला काय होतंय ते तुला कळत होतं का?"

मुलीसमोर बाप अडाणी दिसू नये, असं मला नेहमी वाटतं. म्हणालो, हो, कळत होतं.

ती उठली, राही झोपली होती त्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली.