बाबांच्या फोल्डरमधलं जुनं व्हर्जन

प्रिय धाकट्या,

रागावून लिहीत नाहीये. रागावायलाही अंगात जोर लागतो, तो या आठवड्यात संपला. मेसेज केला असता, पण तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस, म्हणून हे सविस्तर.

बाबांचा वाचनालयासाठीचा कॉम्प्युटर प्रोग्राम पुन्हा चालू झाला. माझ्या अगदी नाकी नऊ आले. तो ज्या टूलवर चालतो त्याचं जुनं व्हर्जन आता कोणी ठेवतच नाही. शोधून आणलं तर इन्स्टॉल होईना, कारण त्याला त्याच्याच वयाची आणखी चार टूल्स सोबत लागतात. शेवटी व्हर्जनची अदलाबदल करणारं एक छोटं टूल टाकलं. आता कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर बाबांच्या फोल्डरमध्ये शिरलं की आपोआप जुनं व्हर्जन, बाहेर पडलं की नवं. एकाच कॉम्प्युटरवर दोघं न भांडता नांदतात. आपल्या दोघांना ते कधी जमलं नाही.

परवा विचारलं तेव्हा तू सहज म्हणालास, हो, मीच अपडेट केलं, किती जुनाट होतं ते. सुट्टीला आला होतास, बाबा दुपारचे झोपले होते. नवं टाकलंस, जुनं पुसलंस. चांगल्यासाठीच केलंस, ठाऊक आहे मला. पण सांगायचं राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी तू निघालास.

इकडे बाबांनी नेहमीची कमांड दिली तर एररच्या लाल ओळी. त्यांना वाटलं, टाइप करताना आपलंच काही चुकलं. मग एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. चष्मा बदलून आणला. तरी तेच. मला विचारायचीसुद्धा त्यांना लाज वाटली रे. आई म्हणते, या शांततेपेक्षा ती कीबोर्डची टकटक आणि त्यांचं पुटपुटणं परवडलं. शेवटी त्यांनी ग्रंथपालबाईंना कळवून टाकलं, माझं डोकं आता चालत नाही, दुसरं कोणी बघा. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आपलं म्हणावं असं हेच एक काम होतं.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं, चालू प्रोग्राम दाखवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, लहानपणापासून सगळ्यांना सांभाळून घेतेस, आता मलाही घ्यायला लागलीस. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वासच नाही. ग्रंथपालबाई सोमवारी नवा माणूस ठरवणार आहेत, तोवर थांबायला कशाबशा तयार झाल्यात. माझ्याकडून आणखी होत नाही. तू फोन कर, मला नको, बाबांना. विनोद करू नकोस, नवं व्हर्जन कसं चांगलं तेही समजावू नकोस. न विचारता मीच बदललं, एवढंच सांग. तुझं ते ऐकतील. आजवर तू कधी कोणाला सांभाळून घेतलेलं नाहीस, म्हणून.

तुझीच,
दमलेली ताई