नाव माहीत नसलेल्या माऊलीला निरोप

आये गे,

आज संस्थेतल्या ताईंचा फोन आला. बोलून झालं तरी मी मोबाइल हातात धरून पडवीत बसून होते. हे सांगायचं तर तुलाच, आणि तू तर वर जाऊन बसलीस! म्हणून लिहायला घेतलं.

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ जत्रा आली. तुझ्या जागी पहिल्यांदाच मी नारळ घेऊन रवळनाथासमोर उभी राहिले. गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या भाऊकाकांचा. दरवर्षी तुझ्यासाठी घालायचे तेच त्यांनी सवयीने खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ज्या माऊलीन ह्या चेडवाक जल्म दिलो, ती जंय आसात थंय तिका सुखात ठेव रे म्हाराजा!" आणि अख्खा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मला आधी कळलंच नाही. ते चेडू म्हणजे मी, आणि ती माऊली तू नव्हेसच, हे कळलं तेव्हा नारळ घेऊन तशीच भाऊकाकांकडे वळले गे!

दरवर्षी गाऱ्हाण्याच्या वेळी "जा गो, खाजा घेवन ये" म्हणून तू मला दुकानाकडे का पिटाळायचीस, ते तेव्हा उमगलं. अगे, देवाला सांगितलंस, देवासमोर सगळ्या गावाला सांगितलंस, फक्त मलाच नाही! आणि गाव तरी केवढं वस्ताद! एरवी कुणाकडे कुठली मासळी शिजली तेसुद्धा वाडीभर होतं. पण हे मात्र एकाच्याही तोंडून बाहेर पडलं नाही.

भाऊकाका रडवेले झाले. "वैनीन तुका सांगूक नाय? माका वाटला, तुका ठावक आसा!"

चिडले मी तुझ्यावर. खूप चिडले. आल्यागेल्याला सांगायचीस, "नाक बापाशीचा, हट्ट मात्र माझो!" किती सराईत थापा मारायचीस गे! पण त्याच रागात जेवायला बसले, ताटात बांगडा होता, आणि मी कॉलेजात जायला लागले तरी काटे काढून देणारी तू आठवलीस. मग कसला राग!

तरी त्या माऊलीला एकदा बघावंसं वाटत होतं. नाक तिचं आहे का, एवढंच. ओरोसला जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन अर्ज केला. दत्तक गेलेल्याला अठरा पूर्ण झाली की आपलं मूळ शोधायला स्वतः अर्ज करता येतो म्हणाले. पण मूल देताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय ते मिळत नाही. मग मला दत्तक दिलेल्या संस्थेतल्या ताईंनी तिला गाठून, कुणाला कळू न देता विचारलं.

आज त्या म्हणाल्या, "त्यांनी नकार दिलाय. त्यांच्या घरात कुणालाच माहीत नाही. पण मुलगी कशी आहे, हे परत परत विचारत होत्या. तुमचा काही निरोप असेल तर विचार करून कळवा."

भाऊकाका शेजारीच होते. मला आणायला ते तुझ्या आणि बाबांच्या बरोबर गेले होते. तिथे कुणाच्या तरी बोलण्यात तिचं नाव त्यांच्या कानावर पडलेलं. म्हणाले, "कायदो रवांदे. नाव माका ठावक आसा. सांगू?"

खरं सांगते, "सांगा" अगदी ओठावर आलं होतं! एकदा नाव मिळालं की मोबाइलवर चेहरा शोधायला कितीसा वेळ! पण मला, तिच्या पोरीला, सुखात ठेवून तू तिचंही सुख मागत राहिलीस. आणि मी जाऊन तिच्या दारात उभी राहू? तिच्या मुलाबाळांसमोर? मी काकांना नको म्हटलं आणि आत येऊन पोटभर रडले.

ते नाव मी काकांना कधीच विचारणार नाही, हा तुला शब्द. उद्या ताईंना फोन करीन. म्हणेन, त्यांना सांगा, मी खुशाल आहे. माझी काळजी करू नका म्हणावं, मला आई मिळाली होती.

तुझा चेडू,
सुमी